बरं वाटलं की मी चिंध्यांत

“पापण्यांच्या मुळाशी कोंड्यासारखं काय दिसतंय गं? दाखवून ये एकदा.” चिमीच्या आईला तिच्या मोठ्या बहिणीने असं बजावलं, तेव्हा ती शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “झोप पुरत नाही माझी, दुसरं काही नाही.”

मित्रांनो, मी तिथेच टेबलावर होतो. मी एक जुना मलमलीचा रुमाल आहे, चिमीच्या झबल्यातून उरलेल्या तुकड्याचा. माझं ऐकतं कोण!

पुढे तिच्या पापण्यांच्या कडा लाल झाल्या. सकाळी डोळे चिकटलेले असत. सुईत दोरा ओवताना समोरचं धूसर होई, आणि शिवणावरच तर घर चालायचं. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे जावंच लागलं. त्यांनी समजावलं, की पापणीच्या कडेला तेल पाझरणारी बारीक छिद्रं असतात, ती तुंबली की कड सुजते. केसांतला कोंडा, न पुसता राहिलेला मेकअप, साचलेले जंतू, सगळेच त्यात भर घालतात. “हे एकदा बरं होऊन कायमचं जाणारं दुखणं नाही,” त्या म्हणाल्या. “रोज शेकायचं, रोज पुसायचं. बरं वाटलं तरी.”

माझे दिवस पालटले. कोमट पाण्यात बुडवून, पिळून ती मला मिटल्या डोळ्यांवर ठेवी, मग पापण्यांच्या मुळांवरून हलकेच फिरवी. खपल्या सुटल्या, लाली उतरली. बहिणीनेही माझं कौतुक केलं.

आणि तिथेच घोडं पेंड खातं! डोळे निवळले, की मी चिंध्यांच्या डब्यात. पुन्हा लाली, पुन्हा मला उकळून काढणं, पुन्हा शेक, पुन्हा डबा. चिमीचं नाक जरा वाहिलं तर ही घर डोक्यावर घेते, आणि स्वतःच्या डोळ्यांचं मात्र “उद्या बघू”. पापणीला कुठली आली रजा?

परवा तिने एक बाही उलटी जोडली. उसवता उसवता हात थांबवून म्हणाली, “दिसतच नाही गं चिमे नीट.” चिमीने डबा उपसून मला बाहेर काढलं. पण तोवर माझ्यावर मशीनच्या तेलाचे डाग पडले होते. मधे कधीतरी घाईघाईत आईने मलाच मशीन पुसायला घेतलं होतं. डोळ्यांना लावायच्या लायकीचा मी उरलो नव्हतो. आईने नवा तुकडा कापला. तो खुंटीवर आहे, अजून तरी.

माझं जाऊ द्या, मित्रांनो. पण आज घरी गेल्यावर तुमच्या आईला म्हणा, “जरा डोळे मीट.” आणि पापण्यांच्या मुळाशी नीट बघा. ती म्हणेल, काही झालेलं नाही मला. तरीही बघा.