ज्याचं नाव, त्याच्या नावे

चंपत रामटेकेला या सौद्यात मिळायची होती एक हाक. ‘अवो प्रफुलचे बाबा, आयकता का?’ एवढीच. बायको, सत्यशीला, जिवंत होती तेव्हा ही हाक दिवसभर चालायची आणि चंपत पहिल्या झटक्यात कधी ओ देत नसे. तेव्हा माल मुबलक होता. ती गेल्यावर घरात टीव्ही उरला. टीव्ही बोलतो पुष्कळ, पण कुणाला बोलावत नाही.

द्यायचा होता आपला आवाज, कायमचा. त्याचंही चंपतने मोल करून ठेवलं होतं: स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यापासून गळ्याला काम काय, तर भाजीवाल्याशी घासाघीस आणि सुनेच्या चहाला नावं ठेवणं. मोडीत घालण्यासारखाच माल.

घेणारे होते ‘पाहुणे’. कुरुदच्या पलीकडच्या माळावर एका सकाळी राखाडी खांब उभा राहिला, पार आभाळात शिरलेला. भिलाईत दोन दिवस कुणी विचारलंसुद्धा नाही. सगळ्यांना वाटलं, प्लांटची नवी चिमणी. धूर येईना तेव्हा बोंब झाली. मग शास्त्रज्ञ आले, पोलीस आले, कुंपण आलं, भज्यांचे ठेले आले. खांबातून मात्र कुणी उतरलं नाही. कळलं ते एवढंच, की पाहुण्यांना आवाजांची हाव आहे. भिलाईच्या हवेत आजवर उमटलेला प्रत्येक आवाज त्यांच्यापाशी जमा आहे. खांबाला कान लावून मेलेल्या माणसाची हाक मागितली की ती जशीच्या तशी ऐकू येते, आणि बदल्यात एक जिवंत आवाज जातो. अट खांब स्वतःच सांगायचा, जमवलेल्या आवाजांतून शब्द जोडून, एक शब्द स्टेशनवरच्या बाईचा, दुसरा दूधवाल्याचा: “जिसका नाम, उसकी आवाज़.”

कमलेश पानवाल्याने आईची ‘कमलेश, ए कमलेश’ ऐकली आणि मुका होऊन, पण हसत, दुकानात परतला. आता पाटीवर भाव लिहितो. कुंपणाच्या दारावर शिपाई प्रत्येकाचं नाव लिहून घेई. लोकांनी अर्थ लावला: ज्याचं नाव लिहिलं, त्याचा आवाज जाणार. तोवर तसंच होतही होतं.

“मामाजी, नका जाऊ,” सुनिता सासऱ्याला म्हणाली. “तुमी मुके झाल्यावर गुंजनले गोष्टी कोन सांगन?” गुंजन म्हणजे तिची दोन वर्षांची पोर.

“तिचा बाप सांगन. त्याचं तोंड कवा बंद रायते?”

प्रफुलचं तोंड खरंच बंद नसे. चरोद्याच्या रेल्वे यार्डात तो शंटिंगला, म्हणजे डबे जोडण्या-सोडण्याच्या कामाला. दिवसभर वॉकीटॉकीवर ड्रायव्हरला ‘थोडा पीछे, और थोडा, बस’ सांगायचं, आणि घरी आल्यावर इंजिनाची नक्कल करत लेकीला घास भरवायचे. इंजिन नसेल तर पोरगी तोंड उघडत नसे.

“मले पटत नाई, बाबा,” प्रफुल म्हणाला. “पन तुमी आयकनार थोडी. बसा गाडीवर. शेवटचं काई बोलाचं असन तर बोलून घ्या.”

“हळू चालव.”

“बस? अरे, पूरी ज़िंदगी यही तो बोला आपने!”

दारावर शिपायाने विचारलं, “नाम?”

“चंपत रामटेके. बराबर लिखना, भैया. मेरा ही लिखना.”

प्रफुल मोटारसायकलपाशी थांबला, फोनवर सुनिताशी बोलत. चंपतने गार खांबाला कान लावला आणि, बायकोची हाक आपल्याच तोंडाने म्हणायची म्हणून लाजत लाजत, ती सांगितली.

“अवो प्रफुलचे बाबा, आयकता का?”

तीच. शेवटचा ‘का’ जरा वर ओढलेला, मागे कुकरची शिटीसुद्धा. चंपतने जन्मात पहिल्यांदा पहिल्या झटक्यात उत्तर दिलं, “ओ.”

आणि दचकला. आपला ‘ओ’ आपल्याला ऐकू आला होता. खाकरून पाहिलं. आवाज जागच्या जागी! पाहुण्यांना गंडवलं म्हणून तो पोरासारखा पळत बाहेर आला. “प्रफुल! अरे, फुकटात झालं! मले काईच नाई झालं!”

प्रफुलने फोन कानाला धरला होता. त्यातून सुनिता ओरडत होती, “अवो, बोला नं! आवाज नाई येऊन राह्यला!” प्रफुलचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. दुसऱ्या हाताने त्याने गळा धरला होता.

जिसका नाम. चंपतच्या डोक्यात आता लख्ख उजेड पडला. हाकेत नाव होतं ते पोराचं. सत्यशीलाच्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव कशाला घेते? पण ही रीत पाहुण्यांना कोण समजावणार? त्यांनी हाकेतलं नाव तेवढं पाहिलं.

तो खांबाकडे उलटा धावला. “माझा घ्या! चंपतचा घ्या, त्याचा परत द्या!”

“जिसका नाम, उसकी आवाज़.”

“मंग तिच्या तोंडून माझं नाव काढा! म्हनलं असन तिनं कवातरी. भांडताना, तापात... पाहा नं!”

खांब शोधू लागला असावा. आतून भांडी वाजली, सत्यशीला कुणाला तरी हसली, खोकली. मग दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांसारखं क्षीण, “प्रफुलचे बाबा...” आणि मग काहीच नाही.

त्याचं नाव तिने घेतलं होतं एकदाच. लग्नात, बायकांनी दार अडवल्यावर, उखाण्यात. पण ते तिकडे महाराष्ट्रात, लाखनीजवळच्या त्याच्या गावी. पाहुण्यांपाशी होती फक्त भिलाईची हवा.

प्रफुलला यार्डातून हलवून स्टोअरमध्ये बसवलं. नट-बोल्टांशी बोलावं लागत नाही. गुंजन ताटावर बसली की बापाच्या तोंडाकडे बघत इंजिनाची वाट पाहते. चंपत करतो इंजिन, चांगलं करतो. ती मान फिरवते.

सुनिताने एकच बदल केला. आधी ती ‘अवो गुंजनचे बाबा’ म्हणायची. आता अख्ख्या रेल्वे कॉलनीला ऐकू जाईल असं म्हणते, “प्रफुल! जेवाले चाला, प्रफुल!”

शेजारच्या सिंधुताईंनी हटकलंच. “काऊन वं, नवऱ्याचं नाव घेतं? तेबी सासऱ्यासमोर?”

“उद्या मी मेली, अन् हे माह्या हाकेसाठी तिकडं धावले, तं पोरीचा आवाज नाई गेला पायजे, ताई,” सुनिता म्हणाली. “यांचा तं गेलाच हाये.”

चंपत दारात बसून ऐकत होता.

हिशेब लहानसाच आहे. हाक मारली सत्यशीलाने. जमा झाली चंपतकडे. पडली प्रफुलच्या नावे.