हसऱ्या चेहऱ्यावरचं बोट

"वहिनी, ही तुझी मुंगी आधी तुझं तोंड बघते आणि मग उत्तर देते," असं मागे एकदा नणंद म्हणाली, तेव्हा आईने हातातला ओला फ्रॉक झटकून दोरीवर टाकला होता.

"मग कुणाचं बघणार? तुझं?"

दोघी हसल्या होत्या आणि तो विषय तिथेच दोरीवर वाळत राहिला.

आज मुंगीने सिस्टरने पुढे धरलेल्या पुठ्ठ्याच्या पट्टीवरच्या पहिल्या, हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. पण त्याआधी तिने आईकडे पाहिलं.

वॉर्डच्या पडद्यांवर निळे मासे होते. वाऱ्याने पडदा हलला की ते खाटांमधून पोहत निघत. सलाइनचा एकेक थेंब पडे आणि सगळी दुपार पाण्याखाली असल्यासारखी सावकाश होई. मुंगीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन कालच झालं होतं.

"अजिबात दुखत नाही?" सिस्टरने पट्टी आणखी जवळ धरली. किती दुखतं ते दाखवायला पट्टीवर हसण्यापासून रडण्यापर्यंतचे चेहरे ओळीने काढलेले होते. "मग दुखण्याचं औषध थांबवायचं का, विचारते डॉक्टरांना."

"माझी शहाणी ती," आई म्हणाली. सकाळपासून सांभाळून ठेवलेलं हसू तिने अजून थोडं ताणलं.

मुंगीही हसली. चादरीखाली मात्र तिच्या पायाची बोटं घट्ट मुडपलेली होती. आईला चादरीचा तेवढाच उंचवटा दिसला, आणि का कोण जाणे, दोरीवरचा तो फ्रॉक.

"सिस्टर, परत विचाराल? मी इथे नसताना."

आई पडद्यापलीकडे जाऊन उभी राहिली. एक मासा तिच्या नाकाला लागत होता.

"हं, मुंगीबाई, आता दाखवा बरं."

मग बारीक आवाज आला.

"आईला सांगणार नाही ना?"

"नाही सांगत."

पट्टी जराशी खसखसली. मग सिस्टर हळूच म्हणाली, "अगं बाई, एवढं? आलेच हं औषध घेऊन."

आईने पडद्याची कड मुठीत धरून ठेवली.

औषधाने मुंगीची बोटं हळूहळू सैल झाली. डोळे जड झाले होते, तरी तिने पट्टी आईपुढे धरली.

"आता तू दाखव."

आईचं बोट सवयीने पहिल्या चेहऱ्याकडे गेलं, तिथे घुटमळलं, आणि सरकत सरकत शेवटच्या चेहऱ्यावर थांबलं. मुंगीने तो नीट पाहिला. मग त्याच्यावर हलकेच फुंकर घातली आणि झोपून गेली.

आई मात्र माशांच्या पडद्याच्या फटीतून पलीकडे बघत बसली. खिडकीजवळच्या खाटेवरची मुलगी सकाळपासून हसते आहे. "आमची वाघीण बघा, डोळ्यांत टिपूस नाही," असं तिचे आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगताहेत. आईला इथून हलता येत नाही; मुंगीने तिचा पदर हातात धरला आहे.

तुम्ही तिकडून जाणार असाल, तर आजोबांना जरा चहाला पाठवा. आणि मग विचारा तिला.