ऐकेनासा हात

माझा डावा हात माझं ऐकत नाही, हे आमच्या सलूनमध्ये फक्त दादाला ठाऊक होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वस्तरा धरायला त्यानंच शिकवलं. महिन्यापूर्वी माझ्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली, तेव्हापासून हे थेर सुरू झाले. उजव्या हातानं शर्टाची बटणं लावावीत, तर डावा मागोमाग सोडत जातो. बायको हसते, "तुमच्यासारखाच हेकट!" मला मात्र हसू येत नाही. डॉक्टर म्हणाले, हात तुमचाच, पण हुकूम पोचत नाही. अहो, मग तो ऐकतो कोणाचं? या विचारानं माझी झोप उडाली होती. दाढी करताना कातडं ताणायला डावाच लागतो. कुणाच्या गळ्यावर त्यानं भलतंच काही केलं तर?

सुट्टीच्या दिवशी दादा स्वतःच खुर्चीत येऊन बसला. "माझी दाढी कर. जमली तर खुर्ची तुझी. नाही जमली, तर उद्यापासून टॉवेल धू."

वीस वर्षांची माझी खुर्ची! फेस लावतानाच मला दरदरून घाम फुटला. पण डावा गुमान वागला. दोन्ही गाल झाले, हनुवटी झाली. देवा, एवढा गळा पार पडू दे.

वस्तरा गळ्यावर असताना कुणी बोलायचं नाही, हा दादाचाच नियम. तो मोडून, डोळे मिटूनच तो म्हणाला, "तसा तुझ्या जागी माणूस ठरवलाय मी. उद्या येतोय. तुझ्या मनाचं समाधान म्हणून बसलो, एवढंच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मनात काय आलं ते सांगायला जीभ रेटत नाही. पात्याची धार हळूच आत वळली. वस्तरा उजव्या हातात होता. माझं ऐकणाऱ्या.

इतक्यात डाव्यानं उजव्याचं मनगट करकचून धरलं आणि मागे ओढलं. "सोड," मी पुटपुटलो. सोडेना. पातं हवेत थरथरत राहिलं.

दादानं डोळे उघडले आणि तो पांढराफटक पडला. "बघ! म्हणूनच म्हणतो, त्या हाताचा भरवसा नाही."

"खरंय दादा," मी म्हणालो. "भरवसा नाही."

त्यानं माझ्या उजव्या हातातून वस्तरा काढून घेतला. तेव्हा कुठे डाव्यानं मनगट सोडलं.