भिंतीतले भाडेकरू

काकूंना कुणाला ‘नाही’ म्हणता येत नसे. त्या ‘बघू’ म्हणत. हे ‘बघू’ म्हणजे खरं तर ‘नको’ आहे, हे त्यांच्या नवऱ्याला कळायला अर्धा संसार लागला, आणि कळल्यावर थोड्याच वर्षांत तो वारला. मुलाला ते अजून कळायचं होतं.

मुलगा लिफ्ट विकणाऱ्या कंपनीत होता. बोलण्यात कुणाला हार जाणारा नव्हता. नवरा गेल्यापासून काकू त्या बैठ्या घरात एकट्याच राहत, पुढच्या खोलीत लोकांचे कपडे शिवत आणि आल्टर करून देत. दर रविवारी मुलाचा फोन यायचा.

“आई, घर विकून टाकू. एकटी काय करतेस तिथे? माझ्याकडे ये. नववा मजला, छान वारा, शिवाय लिफ्ट आमच्याच कंपनीची.”

“बघू,” काकू म्हणायच्या.

असं चार-पाच वेळा झाल्यावर मुलाने दलाल नेमला.

त्याच सुमारास मधमाश्या आल्या. पुढच्या खोलीच्या खिडकीखाली बाहेरून एक भेग होती. भिंत दुहेरी विटांची, मधे पोकळ. एका सकाळी काकू पायपुसणं झटकायला बाहेर आल्या, तर माश्यांची रीघ त्या भेगेतून आत-बाहेर चाललेली. काकूंना माश्यांची मनस्वी भीती. त्यांनी धावत आत जाऊन फोन उचलला, मुलाचा नंबर लावला आणि पहिली रिंग वाजताच ठेवून दिला. भिंतीत मधमाश्या असलेलं घर कोण विकत घेणार?

मग त्यांनी शिलाई मशीन दुसऱ्या कोपऱ्यात सरकवलं आणि बाहेर ताटलीत पाणी ठेवायला लागल्या. माश्या बुडू नयेत म्हणून त्यात खडे टाकले. हे सगळं करताना त्या डोक्यावरून टॉवेल घेत आणि ताटली ठेवताच पळत आत येत.

गिऱ्हाईक घर बघायला येणार म्हणून मुलगा एक दिवस आधी हजर झाला. खिडकीच्या गजांना रंग द्यायला बाहेर गेला आणि ओरडतच आत आला.

“आई! भिंतीत गांधीलमाश्या आहेत!”

“मधमाश्या आहेत.”

“तुला काय माहीत?”

“गांधीलमाशी कमरेत अगदी बारीक असते. इतकी वर्षं मापं घेतेय मी, कंबर ओळखता येते मला.”

“म्हणजे तू बघितल्यायस? कधीपासून आहेत?”

“असतील थोडे दिवस,” काकू म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवण्यात एकदम गढून गेल्या.

मुलाने वेळ घालवला नाही. झुरळं मारायच्या औषधाचा डबा घेऊन तो बाहेर गेला. भेगेत फवारा मारल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ लिफ्ट विकणाऱ्या माणसाच्या तोंडी शोभणार नाहीत असे शब्द आले. एक माशी पापणीवर चावली, एक कानावर, तिसरी कॉलरच्या आत. काकूंनी नखाने खरवडून काटे काढले, डोळ्यावर बर्फ धरला. तो लहानपणी पडून यायचा तेव्हा रागवायच्या, तशा त्या रागावल्यासुद्धा. पण आतून त्यांना बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती.

फवारणीवाल्याला बोलावलं. तो फाटकातूनच बोलला. त्याच्या मते आत औषध मारलं तर माश्या मरतील, पण पोळं तिथेच राहील, मध पाझरेल, मुंग्या येतील, वास सुटेल. म्हणजे भिंत फोडावी लागणार, आणि बुधवारपर्यंत त्याला सवड नव्हती. जाता जाता त्याने मुलाच्या गळ्यात झुरळं, वाळवी आणि उंदीर यांचा वर्षाचा करार मारला. घरात वाळवी नव्हती, उंदीर नव्हते. मुलाने एका डोळ्याने वाचून सही केली.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “भिंतीतून गुणगुण ऐकू येते, तिचं काहीतरी कारण दाखवलं की झालं.” आणि स्वयंपाकघरातला फ्रिज त्याने ढकलत, घाम गाळत, उंबऱ्यावर अडकवत पुढच्या खोलीत आणून त्या भिंतीला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दलाल एका जोडप्याला घेऊन आला. बाई गाणं शिकवणाऱ्या. नवरा बँकेतून निवृत्त झालेला, हातात टेप, कपाळावर आठ्या. दलालाने शांत वस्ती, भरपूर उजेड, प्रेमळ शेजार असं सगळं एका दमात सांगितलं. मुलाचा उजवा डोळा पार मिटलेला होता.

“दाराला धडकलो,” तो कुणी विचारायच्या आत म्हणाला.

पुढच्या खोलीत गाणाऱ्या बाई थबकल्या.

“फ्रिज इथे?”

“आईला शिवता शिवता थंड पाणी लागतं.”

काकूंना थंड पाण्याने घसा धरायचा. बाईंनी मान तिरकी केली, फ्रिजला कान लावला.

“आवाज गोड आहे हो याचा.”

“जुन्या मॉडेलची गोष्टच वेगळी,” मुलगा म्हणाला.

तेवढ्यात टेप घेऊन भिंत मोजणारा नवरा फ्रिजमागून बाहेर आला. त्याच्या हातात वायर होती, आणि वायरच्या टोकाला मोकळी पिन.

“हा लावलेलाच नाही,” तो म्हणाला.

भिंत मात्र गुणगुणत राहिली. दलाल छताकडे बघायला लागला. मुलाने तोंड उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदाच त्यातून काही निघेना. मग सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं.

“मधमाश्या आहेत,” काकू म्हणाल्या. “भिंतीत. दोन महिने झाले. याला काल तीन चावल्या.” कुणाचं वाईट न करता खरं बोलायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती, म्हणून त्यांनी भरही घातली, “वाढतायत रोज.”

एवढं बोलून त्या पाहुण्यांच्या चपला सरळ करायला दाराकडे निघाल्या.

बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी भिंतीला कान लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ तशाच राहिल्या. डोळे उघडले तेव्हा ते पाणावलेले होते.

“एवढा स्थिर सूर माझ्या एकाही विद्यार्थ्याला आजवर लावता आलेला नाही,” त्या म्हणाल्या. “घर आम्हाला पसंत आहे. अट एकच, यांना हात लावायचा नाही.” मग नवऱ्याकडे वळून, “काय हो?”

नवऱ्याने भिंतीकडे पाहिलं, मुलाच्या डोळ्याकडे पाहिलं.

“बघू,” तो म्हणाला.

त्या ‘बघू’चा अर्थ खोलीत फक्त काकूंना कळला. बाईंनी तो होकार धरला. दलाल दुसऱ्या दिवशी कागद घेऊन यायचं ठरवून मोकळा झाला.

ते लोक गेले, आणि मुलाचा नूर पालटला. फवारणीवाल्याला त्याने फोन करून बजावलं, या बाजूला फिरकायचं नाही. ताटली अर्धी रिकामी दिसली, ती स्वतः भरली. शेजारच्या अंगणात कुणी कचरा जाळायला लागलं, तर हा कुंपणाशी धावला, “अहो, धूर इकडे येतोय, माश्या जातील!” घर वाचावं म्हणून काकूंनी ज्यांना जपलं, त्याच माश्यांनी घर विकून दाखवलं होतं.

जेवणं झाल्यावर त्याने खोकी बांधायला घेतली. गुणगुणतच मशीनपाशी आला.

“हे तिकडे नको, आई. खालच्या मजल्यावर आवाज जातो. देऊन टाकू कुणालातरी.”

“नाही,” काकू म्हणाल्या.

त्याला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. कानही सुजलेला होता. “काय?”

“मशीन नाही. घर नाही. मी पण नाही येणार.”

तो खोक्यावरच बसला. “मग आधी बोलायचंस ना!”

“बोलले की. दर वेळी ‘बघू’ म्हणाले.”

“‘बघू’ म्हणजे बघू!”

“नाही रे बाळा.”

त्याने एका डोळ्याने आईकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “मला वाटलं, तुला यायचंय, पण आपलं ओझं होईल म्हणून संकोच करतेस. तुझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय मी. पिस्ता रंग दिलाय.”

काकूंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पिस्ता रंग त्यांना बघवत नसे.

“छान,” त्या म्हणाल्या. एका दिवसात इतकं खरं बोलून त्या दमल्या होत्या.

त्याने फ्रिज पुन्हा ढकलत स्वयंपाकघरात नेला, दलालाच्या शिव्या खाल्ल्या आणि सोमवारच्या गाडीने परत गेला. कामावर त्याने डोळ्याचं कारण दार असंच सांगितलं.

आता काकूंना माश्यांचा काही उपयोग उरला नव्हता, भीती मात्र होती तेवढीच होती. आठवडाभराने गाणाऱ्या बाई आल्या. घर गेल्याचं दुःख नाही, पण तो सूर डोक्यातून जात नाही, म्हणाल्या. काकूंनी संधी सोडली नाही, माश्याच घेऊन जा म्हणाल्या. पोळं अलगद काढून पेटीत बसवणारा एक माणूस बाईंच्या ओळखीचा निघाला. त्याने गुरुवारी दुपारी यायचं, पेटी बाईंच्या गच्चीवर न्यायची, असं दोघींनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं.

त्याच दिवशी संध्याकाळी बाईंचे यजमान आले. एकटेच, काखेत तीन पँटी. खाली बसायच्या आधीच त्यांनी हात जोडले.

“काकू, तुमचे उपकार आहेत. तुम्ही नाही म्हणालात म्हणून मी सुटलो. माश्यांबरोबर राहायचं म्हणजे... आमच्या हिला कोण समजावणार? आता कसं निवांत आहे.”

काकूंनी त्यांना चहा दिला. वर दोन बिस्किटं दिली. एरवी गिऱ्हाइकाला त्या पाणीसुद्धा विचारत नसत.

“लांबी कमी करायचीय थोडी. कधी देता?”

“गुरुवारी,” काकू म्हणाल्या. “सकाळीच न्या. दुपारी...”

“दुपारी काय?”

काकूंनी हातातल्या पँटीचा सुटलेला दोरा दातांनी तोडला.

“दुपारी ऊन फार असतं,” त्या म्हणाल्या आणि खडूने खूण करायला खाली वाकल्या.