लेकीच्या घरावरचं टीन

मी छपराचा नालीदार पत्रा. वऱ्हाडात मला टीन म्हणतात. सध्या कडब्याच्या गंजीवर पडून आहे, तिथूनच बोलतोय.

मुंबईच्या वखारीत आम्ही भावंडं एका गठ्ठ्यात होतो. काही कोकणात गेली. तिथला धो धो पाऊस नि खारा वारा त्यांना लवकर खाणार, असं वखारीतले हमाल म्हणत. मी उरलेल्यांसोबत मलकापूरला रेल्वेतून उतरलो, घाट चढलो आणि चिखलीला भाऊरावांच्या धान्याच्या दुकानावर बसलो. तिथं पाऊस बेताचा, ऊनही सोसण्यासारखं. दिवसभर तापलो तरी रात्री निवायचो.

भाऊरावांची लेक रुख्मिणी घाटाखाली, वरवट बकालला दिलेली. सासरी घरावर मातीचं सपाट छप्पर, म्हणजे धाबं होतं. पावसाळ्यात ते गळतं, हे तिनं माहेरी सांगितलं. भाऊरावांनी दुकानावरून आम्हाला उतरवून तिच्या घरी धाडलं. धाबं पाडून आम्हाला चढवलं, तेव्हा गाव बघायला आलं. त्या पावसाळ्यात थेंब गळला नाही. सासू गोजरबाई चारचौघींत व्याह्यांचं कौतुकानं नाव घेई.

मग वैशाख आला. जिल्हा तोच, पण घाटाखालचं ऊन वेगळंच. रात्रीही माझी धग जाईना. शेजारच्या सोजराबाई म्हणाल्या, “गोजरे, भाकर टिनावरच थाप. सरपण वाचते.”

त्याच घरात रुख्मिणीचं दुसरं बाळंतपण झालं. मुलगी तापानं फणफणली, दूध ओढेना. गोजरबाई ओली फडकी बदलत राहिली. रुख्मिणी वर माझ्याकडे बघे आणि मान वळवी. आम्हाला काढा, असं दोघींपैकी कुणीच बोललं नाही. देणं माहेरचं होतं. मला तर उतरताही येत नव्हतं.

नात बघायला भाऊराव भर दुपारी आले. पाट घेऊन बसले. थोड्या वेळानं त्यांनी फेटा काढला, बाळाच्या कपाळाला हात लावला आणि लेकीकडे वळले.

“माय, मले सांगतलं काऊन नाई?”

रुख्मिणी रडू लागली. गोजरबाई व्याह्यांना म्हणाली, “इवाई, तुमचं देणं होतं. आमी कोणत्या तोंडानं काढावं?”

भाऊरावांनी बाळाला सोजराबाईंच्या गार धाब्याखाली न्यायला लावलं आणि शिडी मागितली. जावई उत्तमराव म्हणाले, ऊन कलू द्या, आता हात लागणार नाही. भाऊराव थांबले नाहीत. त्यांच्या तळव्यांची कातडी माझ्या कडेला चिकटली, तरी त्यांनी मला खाली घेतलं.

बाळ वाचलं, पण अजून अशक्त आहे. घरावर पुन्हा माती चढली. लोकहो, मला जरूर न्या. पण आधी जिथे न्याल, तिथल्या उन्हात एक दुपार बसून पाहा. आणि ज्याच्या घरावर चढवाल, त्याला नको म्हणायची मोकळीक ठेवा.