पन्नास पुंगळ्या आणि दुसरी नजर

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. पण वाणसामान तोलणारा नव्हे. नॉर्थ डकोटातल्या मर्ल टोस्ट्रुडच्या तळघरात मी पिस्तुलाच्या काडतुसांची दारू तोलायचो, तीही चिमूटभर. मर्ल आणि त्याची बायको अर्डिस दर शनिवारी नेमबाजीला जात. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या वेचून आणायच्या, स्वच्छ करून पुन्हा भरायच्या, हा त्यांचा हिवाळ्यातला उद्योग.

काय मान होता माझा! माझ्याजवळ कुणी जोरात श्वासही घेत नसे. लाकडी पाटीत पन्नास पुंगळ्या उभ्या राहत. मर्ल एकेकीत दारू घाली, पण भरणाऱ्याने तपासायचं नाही, असा घरचा नियम होता. त्याच्या डावीकडे बसलेली अर्डिस बॅटरी घेऊन प्रत्येक पुंगळीत डोकावे. तिने मान डोलावल्याशिवाय एकाही पुंगळीच्या तोंडावर गोळी बसत नसे.

"अरे, ही रिकामीच! लक्ष कुठंय तुझं?"

"तुझ्याकडे."

"चाळीस वर्षं बघतोयस मेल्या. आता पुंगळीकडे बघ!"

मागच्या वर्षी अर्डिस वारली. तिच्या बोटांना कॉफीचा वास यायचा. तो आठवला की मला अजून भरून येतं.

पुढे एका रविवारी मर्ल एकटाच खाली आला. तेवीस पुंगळ्या भरल्या आणि वर फोन वाजला. मुलीचा, जोलीनचा. बोलून परतला, तो तेविसावीतच पुन्हा दारू घालून पुढे निघाला. दुप्पट दारूचं काडतूस म्हणजे पिस्तूल हातातच फुटायचं! माझा जीव टांगणीला लागला. पण तराजूला कुठलं आलंय तोंड?

पन्नास पुऱ्या झाल्या. मर्लने सवयीने पाटी डावीकडे सरकवली.

"बघ गं," तो म्हणाला.

अर्डिसची खुर्ची रिकामी होती. तपासणारं कुणी नव्हतं. मग पन्नासच्या पन्नास पुंगळ्या त्याने दारूच्या डब्यात उलट्या केल्या आणि जोलीनला फोन लावला.

"येशील का गं दोन दिवस? भरायला नको, नुसतं बघायला."

"बाबा, मला सुट्टी कुठंय? आणि तुम्हाला एकट्याला जमत नाही का?"

"जमतं गं. त्याचीच भीती वाटते."

ती अजून आलेली नाही. मर्लने माझ्यावर फडकं टाकलं, त्यावर आता धूळ बसली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी जोखमीचं काम एकट्याने करत असेल. कितीही तरबेज असो, त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याला तुमचे हात नकोत, डोळे हवे आहेत. मर्लची दहाही बोटं शाबूत आहेत, यातच माझं सुख आहे. पण ती बोटं आता मला शिवत नाहीत.