टायमरमधली ओळ

“भाऊजी, ही ओळ तुमची आहे.” मेहुण्याने स्क्रीनवर बोट टेकवलं आणि लगेच काढूनही घेतलं.

मेहुणा टीमच्या प्रमुखाला भाऊजी म्हणायचा, म्हणून सहा महिन्यांत अख्खं ऑफिसच त्याला भाऊजी म्हणू लागलं होतं. सूतगिरणीतल्या एका जुन्या यंत्राचा संगणक मोडीत निघाला होता, आणि त्याची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम ही मंडळी लिहीत होती. सकाळी गिऱ्हाइकासमोर नक्कल झकास चालली. मग कुणीतरी रीसेटचं बटण दाबलं आणि सगळं ठप्प. चांगलीच नाचक्की झाली.

“रीसेट केलं की मदरबोर्ड नवा प्रोसेसर बनवतो,” मेहुणा म्हणाला. “बाकीची उपकरणं लागेल तेव्हा मदरबोर्डकडेच प्रोसेसर मागतात. आपला नियमच आहे तो. टायमरच्या हातात मात्र थेट प्रोसेसर दिलाय. तो बसलाय जुन्यालाच हाका मारत. भाडेकरू कधीच घर सोडून गेलाय आणि हा आपला दार वाजवतोय.”

नियम भाऊजीनेच केला होता आणि एका घाईच्या दुपारी मोडलाही त्यानेच. त्या दिवशी तो मेहुण्याच्या मशीनवर बसला होता, त्यामुळे कोणती ओळ कुणी लिहिली त्या नोंदीत नाव लागलं मेहुण्याचं.

“कुणाला बोललास?”

“छे! आधी तुम्हालाच.”

मेहुण्याचे उमेदवारीचे सहा महिने आज संपत होते. त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते साहेब चार वाजता ठरवणार होते. त्याचं लग्न जमत आलं होतं, पण मुलीच्या वडिलांनी तर स्पष्टच सांगून टाकलं होतं, आधी कायमचं पत्र, मग लग्नाची तारीख.

“तू ओळ दुरुस्त करून ठेव,” भाऊजी म्हणाला. “साहेबांशी मी बोलतो. चूक माझी, मीच निस्तरतो.”

मेहुण्याला भरून आलं. बावळट कुठला!

केबिनमध्ये साहेबांनी नोंदींचा कागद पुढे सरकवला. “नाव तुमच्या मेहुण्याचं दिसतंय.”

भाऊजीने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. “मेहनती आहे हो. पण नियम दहादा समजावला, काय करणार?”

“तुमचा माणूस आहे म्हणून विचारतो. ठेवू का? तुम्ही म्हणाल तसं.”

“नातं घरी, साहेब. इथे काम.”

“वा!” साहेब म्हणाले. त्यांना अशी माणसं फार आवडत.

बाहेर येऊन भाऊजीने मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला. “सगळं माझ्या अंगावर घेतलं रे. पण साहेब त्या नोंदीतल्या नावावर अडून बसले. पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले मी.”

“जाऊ द्या, भाऊजी. तुम्ही तरी किती करणार?” मेहुणा टेबलाचा खण रिकामा करू लागला. “ओळ दुरुस्त केलीय. दहा वेळा रीसेट करून पाहिलं, कुठेही अडकत नाही.”

संध्याकाळी बायकोने दार उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजले होते.

“अहो, त्याने सगळं सांगितलं मला. तुम्ही स्वतःवर घेतलंत! सख्खा भाऊसुद्धा करणार नाही एवढं.”

“आपलाच आहे तो,” भाऊजी बूट काढत म्हणाला.

“मग आता एवढं एकच करा. मुलीच्या वडिलांना सांगा, चूक तुमची होती. तो नको म्हणत होता, तुम्हाला कमीपणा येईल म्हणून. पण साहेबांना सांगितलंतच ना तुम्ही? मग यांना सांगायला काय हरकत आहे?”

तो काही बोलायच्या आत तिने फोन लावलासुद्धा, स्पीकर सुरू केला आणि त्याच्यापुढे धरला.

मुलीचे वडील आडवळणाने बोलणारे नव्हते. “तुमचे साहेब माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. उद्या त्यांनाही विचारणारच आहे. पण म्हटलं, आधी घरच्या माणसाला विचारावं. पोरगा आम्हाला आवडलाय. एवढंच सांगा, चूक कुणाची होती?”

भाऊजीने बायकोकडे पाहिलं. ती त्याला धीर द्यायला मान हलवत होती.

“त्याचीच,” तो म्हणाला.

तिची मान अजून हलतच होती.